सूक्ष्मजीवांची पोथी वाचणारा संशोधक

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दोन विद्यार्थ्यांची बरोबर उत्तरे सारखी आली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कारण बरोबर उत्तर बहुधा एकच असते. परंतु दोघांच्याही उत्तरपत्रिकांत एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक आढळली, की एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले, किंवा दोघांनीही तिसऱ्याचे पाहून लिहिले, असे अनुमान आपण निःशंकपणे करतो. मग त्यांची अक्षरे निराळी असोत, शाई निराळी असो, की बाके एकमेकांपासून दूर असोत. लेखनाचे नाते लेखनातूनच सिद्ध होते. बाह्य रूपाची साक्ष तेथे दुय्यम ठरते.

हस्तलिखितांची चिकित्सा करणारे पंडित याच न्यायाने चालतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता : नकलांमागून नकला होत गेल्यावर मूळ पाठ कसा ओळखावा? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांनी तिचे प्रधान संपादकत्व सांभाळले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या एकमेकींशी ताडून, कोणती पोथी कोणत्या परंपरेची, याची वंशावळ त्यांना मांडावी लागली. केंब्रिज येथे गणित शिकून पुढे बर्लिन येथे भाषाशास्त्राकडे वळलेल्या या विद्वानाची दृष्टी त्या कामी किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना आदिपर्वाची प्रस्तावना वाचणाऱ्यास सहज येईल.

हे सारे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. याच पद्धतीने, अक्षरशः अक्षराला अक्षर ताडून, एका संशोधकाने सजीव सृष्टीची वंशावळ नव्याने मांडली, आणि तिच्यातील एक संपूर्ण शाखा, जी तोपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती, ती दाखवून दिली. ही गोष्ट मात्र आपल्या मंडळींत फारशी ठाऊक नाही. त्या संशोधकाचे नाव कार्ल वोझ. सूक्ष्मजीवांच्या जनुकसंचांचे वाचन आणि त्या वाचनाची संगणकाच्या साह्याने तुलना करणारे जैवमाहितीशास्त्र, ही आज मोठी शास्त्रे झाली आहेत. त्यांच्या उभारणीत वोझ यांच्या एकाकी परिश्रमांचा वाटा किती मोठा आहे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे त्याने विज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकावे की नाही, अशी शंका कोणी घेईल. परंतु ही कथा मुळात वाचनाची आहे, आणि वाचन हा आपला सर्वांचाच व्यवसाय आहे.

प्रथम अडचण काय होती ते पाहू. प्राणी आणि वनस्पती यांचे वर्गीकरण त्यांच्या रूपावरून करता येते. हाडे, दात, पाने, फुले यांची तुलना करून कोण कोणाचा आप्त, हे बऱ्याच अंशी ठरविता येते; शिवाय जीवाश्मांची साक्षही उपलब्ध असते. जीवाणूंच्या बाबतीत यांपैकी काहीच हाती नसते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर कोणी गोल, कोणी दांडीसारखा, कोणी नागमोडी. याहून अधिक रूपभेद फारसा दिसत नाही. गोल आकाराचे सर्व जीव एका कुळातले मानणे म्हणजे निळ्या शाईने लिहिलेल्या सर्व उत्तरपत्रिका एकाच मुलाच्या मानण्यासारखे होय. या क्षेत्रातील दोन थोर अभ्यासक, रॉजर स्टॅनिअर आणि कॉर्नेलिस व्हॅन नील, यांनी जीवाणूंची खरी वंशावळ मांडण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे केले आणि अखेरीस ती आशा जवळजवळ सोडून दिली. १९६२ मध्ये त्यांनी जीवाणूची जी व्याख्या सुस्थिर केली, तिचा गाभा असा होता, की ज्यांच्या पेशीत पडद्याने वेढलेले केंद्रक असते ते दृश्यकेंद्रकी, आणि ज्यांच्यात ते नसते ते आदिकेंद्रकी. पुढे पाठ्यपुस्तकांतून ही द्विविध विभागणी रूढ झाली.

या विभागणीत एक मोठी उणीव होती, आणि ती तर्कशास्त्राची होती. दुसऱ्या वर्गाची व्याख्या अभावावर उभी होती. केंद्रक नाही, अमुक इंद्रियिका नाहीत, तमुक रचना नाही. म्हणून हे सर्व एक. एखाद्या वस्तूत काय नाही, एवढेच सांगितल्याने त्या वस्तूचे कुळ कळत नाही. परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तक्त्यातील ‘इतर’ या रकान्याचा अनुभव आहे. त्या रकान्यात पडणाऱ्या माणसांचे परस्परांशी काही नाते असतेच असे नाही. तक्ता करणाऱ्याने त्यांची अधिक चौकशी केलेली नाही, एवढेच त्यावरून समजते. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते, हे दाखवून देण्याचे श्रेय वोझ यांचे आहे.

कार्ल वोझ यांचा जन्म १५ जुलै १९२८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज या शहरी झाला. ॲम्हर्स्ट महाविद्यालयातून गणित आणि पदार्थविज्ञान हे विषय घेऊन ते १९५० मध्ये पदवीधर झाले आणि १९५३ मध्ये येल विद्यापीठाची जीवभौतिकीतील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. परंतु दोन वर्षांतच तो अभ्यासक्रम त्यांनी सोडला. काही काळ एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करून १९६४ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील केंद्रात दाखल झाले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले. सूक्ष्मजीवशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या शास्त्राच्या पंडितांनी जो प्रश्न निरुपाय म्हणून बाजूला ठेवला होता, तो पुन्हा हाती घेण्यास त्यांना संकोच वाटला नाही, याचे हेही एक कारण असावे.

त्या काळी एक नवीन विचार पुढे येत होता. एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादन केले, की सजीवांच्या शरीरातील प्रथिने व न्यूक्लिइक आम्ले हे रेणू उत्क्रांतीच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत. या रेणूंत घटकांची एक दीर्घ माळ असते आणि त्या घटकांचा क्रम हाच त्यातील मजकूर. पिढीगणिक त्या मजकुराची नक्कल होते. नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते. आणि झालेला बदल पुढील सर्व नकलांत उतरतो. अर्थात दोन जीवांतील एकाच रेणूचा मजकूर ताडून पाहिला, तर ते एकमेकांपासून केव्हाच दुरावले की अलीकडे, याचा अंदाज करता येईल. वोझ यांनी जून १९६९ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांना पत्र लिहून आपला बेत कळविला. पेशीच्या आत जतन झालेला हा जीवाश्मरूपी इतिहास वाचून अतिप्राचीन काळापर्यंत पोहोचावयाचे, हा तो बेत होय.

प्रश्न असा, की वाचावयाची पोथी कोणती? सर्व सजीवांत आढळेल असा मजकूर हवा. नाही तर तुलनाच संभवत नाही. त्याचे कार्य सर्वत्र एकच असावे, म्हणजे मजकुरात मनमानी बदल होणार नाहीत. तो फार तोकडा असून चालणार नाही, आणि त्या काळच्या साधनांना न पेलेल इतका प्रचंडही नको. या सर्व कसोट्यांना उतरणारा रेणू वोझ यांना सापडला. प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोझोम नावाचे सूक्ष्म यंत्र असते. माणूस असो, वड असो की जीवाणू; या यंत्रावाचून कोणाचे चालत नाही. त्याच्या लहान भागात आरएनएची एक माळ असते. तिला ‘१६ एस’ असे म्हणतात, आणि जीवाणूंत तिची लांबी साधारण दीड हजार अक्षरांची असते. अक्षरे चारच : ए, यू, जी आणि सी. दृश्यकेंद्रकी जीवांत हिच्याच जोडीची, जराशी अधिक लांबीची माळ असते. पेशीत या माळेच्या हजारो प्रती असल्यामुळे ती मिळविणेही तुलनेने सुलभ होते.

दीड हजार अक्षरे सलग वाचण्याची विद्या मात्र त्या वेळी उपलब्ध नव्हती. केंब्रिजचे फ्रेडरिक सँगर यांनी एक वाट काढून दिली होती. टी-वन नावाचे एक विकर आरएनएची माळ प्रत्येक ‘जी’ या अक्षरानंतर तोडते. एखादी पोथी प्रत्येक दंडापाशी फाडावी, म्हणजे जशी लहानमोठ्या तुकड्यांची रास हाती येते आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकेक दंड असतो, तसाच हा प्रकार. संपूर्ण पोथी वाचता येत नाही. परंतु तिच्यात कोणकोणते तुकडे आहेत, याची सूची करता येते. दोन पोथ्यांच्या अशा सूच्या ताडून पाहिल्या, तरी त्यांचे नाते बरेचसे उमगते.

ही सूची करण्याचे काम किती कष्टाचे होते, ते सांगितल्यावाचून या संशोधनाचे मोल कळणार नाही. सूक्ष्मजीव किरणोत्सारी फॉस्फरस मिसळलेल्या द्रवात वाढवावयाचे. त्यातून आरएनए वेगळा करावयाचा. विकराने त्याचे तुकडे करावयाचे. विजेच्या प्रवाहाने ते तुकडे प्रथम एका दिशेने आणि नंतर दुसऱ्या दिशेने पांगवावयाचे. आणि मग त्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवून तिच्यावर उमटणारे काळे ठिपके पाहावयाचे. एकेक ठिपका म्हणजे एकेक तुकडा. मोठ्या तुकड्यांतील अक्षरक्रम लावण्यासाठी ते पुन्हा तोडावे लागत. प्रकाशाच्या पेटीवर या फिल्म लावून वोझ दिवसेंदिवस त्यांच्याकडे पाहत बसत. एकेका जीवाची सूची पुरी होण्यास आरंभी आठवड्यांमागून आठवडे जात. साहाय्यक बदलले, विद्यार्थी आले आणि गेले. परंतु फिल्मवरील ठिपक्यांचा अर्थ लावण्याचे काम वोझ यांनी स्वतःकडेच ठेवले. जवळजवळ सात-आठ वर्षे या कामाचा जगात फारसा गाजावाजा नव्हता.  हे काम कंटाळवाणे होते, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

सूच्या झाल्यावर तुलना. येथे १९७३ मध्ये येऊन मिळालेले त्यांचे सहकारी जॉर्ज फॉक्स यांची मदत मोलाची ठरली. सहा किंवा त्याहून अधिक अक्षरांचे जे तुकडे दोन सूच्यांत सारखे असतील, त्यांतील अक्षरे मोजावयाची, त्यांची दुप्पट करावयाची आणि दोन्ही सूच्यांतील अशा तुकड्यांच्या एकूण अक्षरांनी तिला भागावयाचे. सूच्या अगदी एकरूप असतील तर उत्तर एक येईल. काहीच सारखे नसेल तर शून्य. लहान तुकडे वगळण्याचे कारण उघड आहे. ‘आणि’ किंवा ‘तर’ हे शब्द दोन ग्रंथांत सारखे आढळले, म्हणून कोणी त्यांचे नाते जोडीत नाही. लांब वाक्यखंड सारखा आढळला तरच तो पुरावा ठरतो. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. उत्तरपत्रिका तपासणारा समान चुका शोधतो. वोझ यांनी समान राहिलेला मजकूर मोजला. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला न्याय एकच, की इतका जुळणारा मजकूर योगायोगाने उद्भवत नाही. अशा संख्यांचे तक्ते करून संगणकाच्या साह्याने त्यांतून वंशावळ काढावयाची, ही पद्धत आज जैवमाहितीशास्त्राच्या पहिल्या पाठांत शिकविली जाते.

अशा रीतीने अनेक जीवाणूंच्या सूच्या जमल्यावर १९७६ च्या उन्हाळ्यात ती घटना घडली. वोझ यांच्याच विद्यापीठात राल्फ वुल्फ हे मिथेन वायू निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे तज्ज्ञ होते. हे जीव प्राणवायूच्या स्पर्शाने मरतात. हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांवर वाढतात आणि मिथेन सोडतात. त्यांना वाढविणेच मुळात अवघड. वुल्फ यांचे विद्यार्थी विल्यम बाल्च यांनी बंद नळ्यांत, दाबाखाली वायू भरून, ते वाढविण्याची युक्ती साधली होती. त्यांपैकी एका जातीचा आरएनए वोझ यांच्याकडे आला आणि नेहमीप्रमाणे त्याची फिल्म तयार झाली. तिच्याकडे पाहताच वोझ थबकले. ज्या खुणेच्या तुकड्यांची प्रत्येक जीवाणूत हटकून भेट होई, ते तेथे नव्हतेच. प्रथम त्यांना वाटले, की नमुना चुकला. म्हणून सर्व कृती पुन्हा केली. तरी उत्तर तेच आले. तेव्हा ते वुल्फ यांच्याकडे गेले आणि हे जीव जीवाणूच नव्हेत, असे त्यांनी सांगितले. दिसायला तर ते जीवाणूंसारखेच आहेत, अशी शंका वुल्फ यांनी काढणे स्वाभाविक होते. परंतु वोझ यांच्या दृष्टीने दिसण्याचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला होता. त्यांनी शेकडो फिल्म वाचल्या होत्या. म्हणूनच एका फिल्ममधील अनुपस्थिती त्यांना बोलकी वाटली. जो एकच पोथी वाचतो, त्याला गाळलेली ओवी कळत नाही.

पुढे मिथेन निर्माण करणाऱ्या इतर जातीही तपासल्या. त्यांची आपापसांतील साम्यसंख्या बरीच होती. परंतु जीवाणूंशी ताडता ती एक दशांशाच्या आसपास घसरे, आणि यीस्ट किंवा वनस्पती यांच्याशी ताडताही तशीच अल्प राही. अर्थ स्पष्ट होता. येथे दोन कुळे नसून तीन होती, आणि तिसरे कुळ पहिल्यापासून जितके दूर तितकेच दुसऱ्यापासूनही. नोव्हेंबर १९७७ मध्ये वोझ व फॉक्स यांचा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केंद्रक नसलेल्या या नव्या जीवांना त्यांनी आर्किबॅक्टेरिया, म्हणजे प्राचीन जीवाणू, असे नाव दिले.

या शोधाचे स्वागत झाले, असे म्हणता येत नाही. ३ नोव्हेंबर १९७७ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी आली, परंतु शास्त्रीय चर्चेपूर्वी वृत्तपत्रांकडे जाणे पुष्कळ विद्वानांना रुचले नाही. नोबेल पारितोषिकाचे मानकरी साल्व्हादोर लुरिया यांनी वुल्फ यांना दूरध्वनी करून या खुळचटपणापासून दूर राहण्याचा सल्ला दिला, असे वुल्फ यांनीच आपल्या आठवणींत नमूद केले आहे. वोझ स्वभावाने संकोची. सभासंमेलनांत मिसळणारे नव्हते. त्यांची पद्धत समजणारे लोक थोडे, आणि ती स्वतः करून पाहणारे त्याहून थोडे. अशा वेळी दुर्लक्ष हे विरोधाहूनही अधिक जाचक ठरते.

आधार आला तो जर्मनीतून. म्युनिकचे ओटो कांडलर पेशीभित्तिकांचा अभ्यास करीत होते. जीवाणूंच्या भित्तिकेत म्युरीन नावाचे जे विशिष्ट द्रव्य असते, ते मिथेन निर्माण करणाऱ्या या जीवांत नाही, असे त्यांना स्वतंत्रपणे आढळले. वुल्फराम झिलिग यांना दिसले, की जनुकांवरून आरएनए उतरवून घेणारे या जीवांचे विकर जीवाणूंच्या विकरापेक्षा दृश्यकेंद्रकी जीवांच्या विकराशी अधिक जुळते. दरम्यान अतिखारट पाण्यात राहणारे हॅलोबॅक्टेरियम आणि उकळत्या गंधकी झऱ्यांत राहणारे सल्फोलोबस यांच्याही सूच्या झाल्या, आणि तेही याच तिसऱ्या कुळातले निघाले. पूर्वीच्या वर्गीकरणात हे सगळे निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले होते. १९९० मध्ये वोझ, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी जीवसृष्टीचे तीन महाविभाग मांडले : बॅक्टेरिया, आर्किया आणि यूकेरिया. ‘जीवाणू’ हा प्रत्यय त्या नावातून जाणीवपूर्वक काढून टाकण्यात आला.

इतके दिवस पोथीचे फाटके तुकडे मोजले जात होते. आता समग्र पोथी वाचण्याचे युग उजाडले. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचे असे हे पहिलेच समग्र वाचन. त्याची युक्ती अशी : एकाच पोथीच्या अनेक प्रती घेऊन त्या वाटेल तशा फाडावयाच्या, प्रत्येक तुकडा वाचावयाचा, आणि एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशी कोठे जुळतो, ते संगणकाकडून शोधवून सारा मजकूर जुळवावयाचा. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, क्रेग व्हेंटर यांची संस्था आणि वोझ यांच्या सहकार्याने मिथॅनोकॉकस जनाशी या आर्कियाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. हा जीव पॅसिफिक महासागरात सुमारे २६०० मीटर खोलीवरील उष्ण झऱ्यापाशी १९८२ मध्ये सापडलेला. त्याच्या जनुकसंचाची लांबी सुमारे १६ लक्ष ६० हजार अक्षरे भरली आणि त्यात प्रथिनांची १७३८ जनुके असावीत, असे अनुमान निघाले. त्यांपैकी केवळ ३८ टक्के जनुकांचे कार्य खात्रीने सांगता आले. ऊर्जा व चयापचय यांची बहुतेक जनुके जीवाणूंशी मिळतीजुळती, तर मजकुराची नक्कल करणे, तो उतरवून घेणे आणि त्याचे प्रथिनांत भाषांतर करणे, या कामांची बहुतेक जनुके दृश्यकेंद्रकी जीवांशी, म्हणजे पर्यायाने आपल्याशी, अधिक जुळणारी. १९७७ च्या अपुऱ्या तुकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला एकोणीस वर्षांनी समग्र ग्रंथाची साक्ष मिळाली.

वोझ यांच्या वाचनाचे दुसरे फळ याहूनही व्यापक आहे. १९९० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रायबोझोमच्या आरएनएचे सर्व ज्ञात मजकूर एकत्र करून संगणकावर सर्वांस खुले केले. अशा संग्रहामुळे, अनोळखी सूक्ष्मजीव सापडल्यास त्याचा १६ एस मजकूर वाचून त्याचे गोत्र सांगता येऊ लागले. त्याही पुढे नॉर्मन पेस यांनी दाखवून दिले, की सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढविण्याचीही गरज नाही. माती किंवा पाणी यांतून थेट मजकूर वाचून तेथे कोण नांदते, हे कळू शकते. निसर्गातील सूक्ष्मजीवांपैकी फारच थोडे आपण आजवर वाढवू शकलो आहोत. बाकीच्यांची ओळख या वाटेनेच होते.

या साऱ्याचा आपल्या परिसराशी संबंध नाही, असे कोणी समजू नये. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत त्याचे कारण म्हणून मीठप्रिय आर्कियांकडे बोट दाखविण्यात आले. खारटपणा वाढला, की हे जीव वाढतात आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगते. गोव्याच्या मिठागरांतूनही अशा आर्किया वेगळ्या करण्यात आल्या आहेत. खेड्यातील गोबरगॅसच्या टाकीत शेणाचा वायू होतो, तो मिथेन निर्माण करणाऱ्या आर्कियांमुळेच. त्या मूळच्या गाईच्या पोटातल्या. ज्यांच्या जोरावर आपल्या कित्येक घरांतील चूल पेटत होती, त्यांचे कुळ १९७७ पर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तथापि वोझ यांची वंशावळ हा अंतिम शब्द मानला, तर त्यांच्याच शिकवणुकीशी ते विसंगत होईल. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी एक प्रयोग केला होता. दहा ओळींचा उतारा एका मुलाला उतरवून घ्यावयास दिला, त्याच्या वहीवरून दोघांनी, त्या दोघांच्या वह्यांवरून आणखी चौघांनी, अशा नकला करविल्या. आणि नंतर वह्यांची सरमिसळ करून, कोणी कोणाची वही पाहिली, ते केवळ चुकांवरून शोधण्यास दुसऱ्या तुकडीला सांगितले. मुलांनी वंशावळ बरोबर मांडली. फक्त एक वही कोठेच बसेना. अखेर कळले, की त्या मुलाने अर्धा उतारा एकाचा पाहून आणि अर्धा दुसऱ्याचा पाहून लिहिला होता. महाभारताच्या संपादकांनाही असा संकर पावलोपावली भेटला. सूक्ष्मजीवही हेच करतात : जनुके केवळ जनकाकडून न घेता शेजाऱ्याकडूनही घेतात. वोझ यांनी आपल्या उत्तरायुष्यात या गोष्टीवर स्वतःच भर दिला, आणि आरंभीच्या काळात अशी देवाणघेवाण इतकी मुक्त असावी, की एकाच पूर्वजाची कल्पनाही तेथे सैल करावी लागेल, असे मांडले.

पुढे आणखी एक पान उलटले गेले. २०१५ मध्ये उत्तर ध्रुवसागराच्या तळातील गाळातून लोकीआर्कियोटा या आर्कियांचे जनुकसंच वाचण्यात आले, आणि त्यांत दृश्यकेंद्रकी जीवांची समजली जाणारी काही जनुके आढळली. त्यांच्या जवळच्या कुळातील एक जीव जपानी संशोधकांनी बारा वर्षांच्या खटपटीनंतर वाढवून दाखविला. ते वृत्त २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे दृश्यकेंद्रकी जीव ही स्वतंत्र तिसरी शाखा नसून आर्कियांच्याच शाखेतून फुटलेली डहाळी असावी, असे आता अनेक अभ्यासक मानतात. असे असेल तर महाविभाग पुन्हा दोनच उरतील. मात्र ते पूर्वीचे दोन नव्हेत. माणूस ज्या बाजूला पडेल, त्याच बाजूला लोणारचे मीठप्रिय जीवही पडतील.

वोझ यांना मान मिळाला, पण उशिरा. १९९२ मध्ये लेव्हेनहूक पदक, २००० मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक आणि २००३ मध्ये क्रॅफर्ड पारितोषिक, असे गौरव त्यांच्या वाट्यास आले. ३० डिसेंबर २०१२ रोजी अर्बाना येथे त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या जनुकजीवशास्त्र संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

शिक्षकांच्या दृष्टीने या चरित्रातून काय घ्यावे? वर्गीकरण शिकविताना आपण तक्ता फळ्यावर काढतो आणि मुले तो पाठ करतात. तक्त्यातील प्रत्येक रेघ कोणीतरी, कशावरून तरी, केव्हातरी ओढलेली असते, हे सांगावयाचे राहून जाते. ते सांगितले तर तक्त्याचे महत्त्व कमी होत नाही; उलट तो समजतो. आणि ज्या रकान्याचे नाव केवळ नकाराने बनलेले असेल, तेथे एखाद्या विद्यार्थ्याने हात वर करून, ‘सर, मग हे सगळे एकमेकांचे कोण?’ असे विचारले, तर तास पुढे ढकलण्यासाठी त्याला खाली बसवू नये. कार्ल वोझ यांनी आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे खर्चून हाच एक प्रश्न विचारला होता.